हवेत दोन चित्रं जास्त

९ फेब्रुवारी

प्रिय खोडरबर,

तुझा चित्रपट पाहिला. तू काही कळवलं नव्हतंस. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, तुमची सून होती ना, तिचा सिनेमा लागलाय म्हणे. ‘होती’ हा शब्द त्यांनी जरा हळू म्हटला. तुमचा घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली तरी त्या अजून माझ्यासमोर जपून बोलतात.

दुपारच्या खेळाला गेले. शेवटी नावं वर सरकायला लागली तेव्हा झाडणारी बाई येऊन उभी राहिली, तरी मी उठले नाही. तुझं नाव चित्रं काढणाऱ्यांत, ‘हालचाली’ या मथळ्याखाली होतं. आडनाव माहेरचं लावलंयस. ते बरोबरच आहे.

फोन न करता पत्र का लिहितेय, तर फोनवर आपल्याला बोलता येत नाही. मी विचारते, जेवलीस का. तू म्हणतेस, हो. मग आपण दोघी, समोरची कधी ठेवते याची वाट बघत बसतो. शिवाय मी पस्तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. चुका तोंडी सांगायची मला सवय नाही, लाल शाईने लिहून द्यायची आहे.

तेव्हा ऐक. ज्या गावात माणसं विसरलेली वस्तू हलकी होऊन आभाळात जाते, ते गाव मला सुंदर वाटलं. छपरांच्या वर तरंगणाऱ्या त्या खुर्च्या, छत्र्या, एका पायाचे बूट, आणि संध्याकाळी त्या सगळ्यांच्या सावल्या रस्त्यावरून सावकाश सरकतात, ते बघताना मला डुलकी लागल्यासारखं झालं, पण डोळे उघडे होते. हे कौतुक समज. पण वजन म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वीय त्वरण. कुणी आठवण काढतंय की नाही याचा त्यात कुठेही संबंध येत नाही. तुमच्या पावसाचे थेंब लिंबाएवढे आहेत. एवढा थेंब पडता पडताच फुटेल. ती मुलगी घंटाघरावरून छत्री पकडायला उडी मारते आणि सर्वांत वर गेल्यावर चक्क थांबते. इकडे तिकडे बघते. मग पडते. वर गेलेली वस्तू तिथे मुक्कामाला थांबत नाही, हे मी नववीच्या मुलांना दरवर्षी सांगत आले.

आणि बाजारातली ती खिशात दगड घेऊन फिरणारी म्हातारी! ती बदकासारखी का चालते? डावा पाय टाकताना अख्खं धड उजवीकडे जातं. असं कुणी चालत नाही.

चिरंजीव बरे आहेत. कामात असतात.

तुझी,
(काय लागते ते तूच ठरव)


२६ फेब्रुवारी

प्रिय खोडरबर,

चार पानी उत्तर आलं आणि पानांवर खोडरबराचा चुरा अजून चिकटलेला होता. आमच्या जेवणाच्या टेबलावरून मी तो रोज झटकायचे, म्हणून तर तुला हे नाव पडलं. पत्र वाचण्याआधी मी टेबल पुसून घेतलं. सवय.

तू लिहिलंयस की तुमच्याकडे नियम मोडायचा तर एकच मोडतात आणि मग बाकीचे जास्तच काटेकोरपणे पाळतात, नाहीतर बघणाऱ्याचा विश्वास उडतो. मला हे खोटं वाटलं, म्हणून मी पुन्हा जाऊन बघितलं. तिकीट देणारी बाई म्हणाली, आजी, मागे हाच बघितलात ना? मी म्हटलं, तपासायला आलेय.

तपासलं. मुलगी तरंगती खुर्ची ढकलते तेव्हा स्वतः मागे जाते. क्रिया-प्रतिक्रिया बरोबर. ती धावताना एकदम थांबते, तेव्हा कोटाचं टोक जरा उशिरा थांबतं. जडत्व बरोबर. एवढंच काय, जी वस्तू थोडीशी आठवते ती छपराएवढ्या उंचीवर राहते आणि जी साफ विसरली गेली ती ढगांच्या वर जाते. म्हणजे प्रत्येकीची आपली उंची ठरलेली, फुग्यासारखी. ते बघून मला तुमच्या दिग्दर्शकाला वर्गात उभं करून शाबासकी द्यावीशी वाटली. पावसाच्या थेंबांबद्दल तू मुकाट्याने चूक कबूल केलीस, तेही आवडलं.

पण त्या उडीबद्दल मी ऐकणार नाही. तू म्हणतेस, सर्वांत वर पोचल्यावर आम्ही हवेत दोन चित्रं जास्त ठेवतो, म्हणजे ती पडद्यावर जरा थांबलेली दिसते, कारण बघणाऱ्याला तिच्याबरोबर क्षणभर वर राहायचं असतं. अगं, कुणाला काय हवंय हे विचारून गुरुत्वाकर्षण चालत नाही. तसं असतं तर कितीतरी गोष्टी पडल्याच नसत्या.

म्हातारीच्या चालण्याबद्दल मात्र तू एक अक्षर लिहिलं नाहीस. चार पानांत जागा नव्हती?

इकडे घराला रंग काढायला घेतलाय. चिरंजीवांच्याच मनात आलं. तुमच्या त्या कोपऱ्यातल्या खोलीचा रंग मी निवडावा म्हणून त्याने मला कागदावर बारा निळे आणून दाखवले. मला सगळे सारखेच दिसले. हल्ली घरी वेळेवर येतो, शिट्टी वाजवतो. रंगाच्या वासाने असेल.

तुझी,
लाल शाईवाली


१७ मार्च

प्रिय खोडरबर,

अक्षर वाकडं आलंय ते डाव्या हाताचं आहे. उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये आहे. घाबरू नकोस, हाड नीट बसलंय.

झालं असं, की खोली रिकामी करायची होती. माळ्यावर तुझा एक खोका राहिला होता, जुन्या चित्रांचा. रंगाऱ्याने तो कुठेतरी फेकला असता. मी स्टुलावर चढले. चिरंजीवांनी चढू नको म्हणून बजावलं होतं, पण मी त्याचं ऐकायला लागले तर जगरहाटीच उलटी होईल. खोका धरला, स्टुलाचा पाय सरकला, आणि मी पडले.

आता नीट वाच. स्टूल गुडघ्याएवढ्या उंचीचं. तिथून जमिनीवर यायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, फार नाही. हे गणित मी दवाखान्यात बाकावर बसल्या बसल्या केलं. पण पडताना तसं नव्हतं. खोका उलटा झाला, आणि तुझे कागद माझ्याभोवती हवेत पसरले. काही पंख्यासारखे फिरत होते, काही पाण्यात पडल्यासारखे डुलत होते. एका कागदावर उडणारा पक्षी होता, दुसऱ्यावर तोच पक्षी, पंख जरा खाली. मी ते सगळे एकेक करून बघितले. खिडकीतल्या उन्हात धूळ उभी होती, ती बघितली. मनात आलं, हे गोळा कोण करणार. मग आलं, तिला सांगायला हवं. मग आलं, पण तिला ते कसं सांगू. एवढं सगळं होऊन गेलं आणि मी अजून पोचले नव्हते.

मी वर थांबले होते, खोडरबर. वस्तू म्हणून थांबले नसेन, पण मी थांबले होते. मन बहुधा तेवढ्यात जास्त चित्रं काढून घेतं. पस्तीस वर्षांच्या प्रत्येक नववीची मी मनातल्या मनात माफी मागितली. तुझी ती दोन चित्रं मला मंजूर आहेत.

त्या वेळी घरात एक ओळखीच्या बाई आलेल्या होत्या, म्हणून निभावलं. दातांच्या डॉक्टर आहेत. रंग बघायला आल्या होत्या. त्यांनी मला उठवायची घाई केली नाही. आधी जमिनीवर माझ्याशेजारी बसल्या आणि विचारलं की कुठे दुखतंय. मग दवाखान्यात नेलं, तिथे मला चहा पाजला आणि परत आल्यावर तुझे कागद गोळा करून खोक्यात भरले. क्रमाने. पक्ष्याचे पंख वरून खाली कसे येतात ते त्यांना बघितल्याबरोबर कळलं.

दातांची डॉक्टर कुणाच्या घराचा रंग कशाला बघायला येईल, असं तुझ्या मनात येईल. हात दुखतोय, आज इतकंच.

तुझी,
डावखुरी


२ एप्रिल

प्रिय खोडरबर,

चिरंजीव लग्न करतायत. त्याच डॉक्टरीणबाईंशी. या महिन्याच्या वीस तारखेला, नोंदणी करून, चार माणसांत.

बघ, एका ओळीत मावलं. आणि मी तीन पत्रं पावसाचे थेंब मोजत बसले. पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही मला माहीत होतं. खरं तर हे सांगायलाच लिहायला बसले होते, पण तुझा सिनेमा मध्ये आला, आणि मला बरंच वाटलं की मध्ये काहीतरी आलं.

डॉक्टरीण वाईट असती तर सोपं गेलं असतं. तुझ्याकडे चार शब्द बोलले असते आणि मोकळी झाले असते. पण ती चांगली आहे. मला आवडते. आणि हे तुला कोणत्या तोंडाने सांगावं हेच मला कळत नव्हतं. तुम्ही दोघं वेगळी झालात त्यात कुणी कुणाचं वाईट केलं नव्हतं. तुला ते दूरचं काम मिळालं, त्याला हे घर सोडवेना. भांडण झालं असतं तर मी मध्ये पडले असते. भांडणच नव्हतं, मी कुठे पडणार?

परवा जेवताना चिरंजीव म्हणाले, आता तिला पत्रं लिहिणं बरं दिसतं का? रागाने नव्हे, चाचरत. मी म्हटलं, “बरं दिसावं म्हणून मी आजवर काही केलं नाही. आता या वयात कशाला सुरुवात करू?” त्यावर तो भात चिवडायला लागला. मग म्हणाला, तिला सांगितलंस का? मी म्हटलं, नाही. त्याने काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि त्यात भाताचा घास घातला.

डॉक्टरीणबाईंनी मात्र वेगळंच केलं. रविवारी आल्या आणि म्हणाल्या, तो सिनेमा मला दाखवायला नेता का? मला संकोच वाटला. पण नेलं. अंधारात दोघी शेजारी बसलो. मी मध्येमध्ये कुजबुजत होते, हे बघा जडत्व, हे बघा प्रतिक्रिया. त्या ऐकून घेत होत्या. मग बाजार आला. ती म्हातारी खिशात दगड घेऊन आली. तिला कुणाचंच काही विसरता येत नाही, म्हणून ती गावात सर्वांत जड, आणि तरीही सगळ्यांच्या दारात जाऊन विचारते की तुमचं काही हरवलंय का. डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “आई, या तर तुम्हीच आहात.”

मी म्हटलं, छे. त्या म्हणाल्या, डावा गुडघा बघा.

मी बघितला. स्वतःचं चालणं कुणाला दिसतं, खोडरबर? आरशापर्यंत चालत जाईतो आपण समोर येऊन उभे राहिलेलो असतो. मी तिला बदक म्हटलं होतं. लोक आजूबाजूला चिप्स खात होते आणि मी पडद्यावर बाजारातून चालत होते, आणि तुला सगळं पाठ होतं. जिना चढताना मी कठड्याला आधी दोन बोटं लावते, तेसुद्धा.

तू लग्नाबद्दल रागावलीस तर रागाव. उत्तर नाही दिलंस तरी मी समजेन. म्हणजे, समजणार नाही, पण तसं म्हणायची पद्धत आहे.

तुझी,
बाजारातली


२८ एप्रिल

प्रिय खोडरबर,

लग्न झालं. त्याच संध्याकाळी तुझं पाकीट आलं, जाडजूड. सही करून घेताना पोस्टमन म्हणाला, वजनदार आहे. मी म्हटलं, असणारच.

आत ती सगळी चित्रं. मी बाजार ओलांडते ती. शिंपीणबाईंनी त्यांना एका कडेने टाका घालून दिला. आता अंगठ्याने पानं सोडली की मी चालते. उलटी सोडली की मी मागे मागे जाते, दगड खिशातून काढते, पाठ सरळ होते. ते मी पुष्कळदा करून बघितलं.

आणि तुझं पत्र. चिरंजीवांनी तुला जानेवारीतच कळवलं होतं म्हणे. म्हणजे तुला माहीत होतं, त्याला माहीत होतं की तुला माहीत आहे, आणि मी एकटी गुपित सांभाळत स्टुलावर चढत होते. मी त्याला विचारलं तर म्हणाला, तू सांगशील म्हणून ती थांबली होती, मला बोलू नको म्हणाली. तुमचं दोघांचं एवढ्या एका बाबतीत एकमत झालं, तेही घटस्फोटानंतर!

तू लिहिलंयस, “मी वेगळी झाले ती त्याच्यापासून. तुमच्यापासून वेगळं व्हायचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. मग मी काय करायचं, ते मला कळेना. म्हणून तुम्हाला काढत बसले.”

हे वाक्य मी डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी कपाट उघडलं आणि माझी मोठी बॅग खाली काढली. मला चढू दिलं नाही.

तू बोलावलंयस, तर येते. प्लॅस्टर निघालंय. मी तुमच्या कंपनीत जाऊन चुका काढीन, ते चालेल का विचारून ठेव.

तुझी,
येणारी


११ जून

खोडरबर,

तू कामावर गेलीयस आणि मी तुझ्याच टेबलावर बसून तुला पत्र लिहितेय. हसू नकोस. तोंडी सांगायला गेले तर मी पुन्हा जेवलीस का विचारेन.

व्हिसाच्या कचेरीतली गंमत तुला सांगायची राहिली. खिडकीतल्या माणसाने विचारलं, सोबत आलेल्या या कोण? मी म्हटलं, सून. जाताय कुणाकडे? म्हटलं, सुनेकडे. मुलं किती तुम्हाला? म्हटलं, एक. त्याने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरीणबाईंकडे, आणि शिक्का मारला. ती मागे उभी राहून हसत होती.

तुझ्या कंपनीत त्या दिवशी मला आवडलं. अंधारी खोली, सगळी पोरं पडद्यासमोर वाकून बसलेली, आणि प्रत्येकाच्या टेबलावर एक आरसा. त्यात तोंडं वेडीवाकडी करून बघायची आणि मग काढायची. पन्नाशीचा तो दाढीवाला गृहस्थ कामाच्या वेळेत खुर्चीवरून उडी मारून बघत होता आणि त्याला कुणी ओरडलं नाही. आमच्या शाळेत असं असतं तर पदार्थविज्ञानात कुणी नापास झालं नसतं.

पण तुझं अडलंय, ते मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. नव्या चित्रपटात एक आई शेवटी उडते, आणि तुझ्याकडून ती उडत नाही. तू काढतेस तेव्हा ती फुग्यासारखी वर जाते. मी म्हटलं, तिचं वजन काढून घेतलंस म्हणून तसं होतं. तू म्हणालीस, वजन ठेवलं तर ती उडणार कशी? आणि मग आपण दोघी वैतागून चहा प्यायलो.

काल तू मला खालच्या बागेत नेलंस ते फिरायला म्हणून. झोका मोकळा दिसला, आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी बसले. माझ्या वजनाने साखळी करकरली. तू म्हणालीस, अहो आई, मनगट. मी म्हटलं, ढकल.

तू आधी घाबरत घाबरत ढकललंस, मग जोरात. सगळ्यात खाली येताना माझं वजन जास्त वाटत होतं, गुडघे, पाठ, सगळं खाली ओढलं जात होतं. मग वर. आणि अगदी टोकाला गेल्यावर साखळी क्षणभर सैल पडल्यासारखी झाली, आणि मी कशालाही टेकलेली नव्हते. यात एकही नियम मोडत नाही. झोक्याच्या टोकाला असंच होतं, मी ते फळ्यावर कितीदा काढलंय. पण फळ्यावर मी स्वतः बसलेली नव्हते. झुडपांचे शेंडे खाली होते. बाकावरचा कुत्रा मान वर करून बघत होता. माझी चप्पल एका पायातून सुटून माझ्यापुढे गेली आणि माझ्याच वेगाने, माझ्याबरोबर, थोडा वेळ हवेत राहिली.

मी ओरडून तुला म्हटलं, “वजन काढू नकोस. खाली आणताना ते दुप्पट कर, मग वर गेल्यावर आपोआप जातं.”

झोका मंदावला, मी वळून बघितलं, तर तू ढकलायचं सोडून गवतात बसली होतीस आणि हातातल्या कागदावर काढत होतीस. रडत होतीस आणि काढत होतीस. मी चप्पल शोधून आणली.

आज सकाळी चिरंजीवांचा फोन होता. घरी कधी येतेस, म्हणाला. मी म्हटलं, इथलं काम आटपलं की कळवते. कसलं काम? म्हटलं, उडण्याचं. तो म्हणाला, बरं, आणि फोन बायकोकडे दिला. तिने फक्त विचारलं, किती उंच?

टोपात सूप आहे, मीठ तू घाल, मला हल्ली अंदाज येत नाही. किल्ली शेजारच्या काकूंकडे दिलीय. मुलं शाळेतून सुटेपर्यंत झोका मोकळा असतो, म्हणून मी आधीच खाली जातेय.

सावकाश ये. पेन्सिल विसरू नकोस.